बोललेले पोचले का?



गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपून आम्ही बसलो असता आमच्या टाळकऱ्यांपैकी एका पोराने प्रश्न केला, “महाराज, जनावरांना बोलता येत नाही, तरी त्यांचं एकमेकांत बरं चालतं. आपल्याला देवानं वाणी दिली आणि भांडणं मात्र बोलण्यावरूनच होतात. असं कां?” मृदंगवादक हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. प्रश्न पोराने विचारला, पण होता तो आमच्या वर्मावरचा. तो कसा, हे पुढे येईलच.

प्रथम बोलणे म्हणजे काय ते पाहू. आम्ही पाठशाळेत पाणिनीय शिक्षा घोकली, तेव्हा अर्थ फारसा कळत नव्हता. पाठ केले इतकेच. शिक्षाकार म्हणतात, शब्द तोंडात जन्मत नाही. आत्मा बुद्धीच्या संगतीने काय सांगायचे ते ठरवतो, मनाला बोलण्याच्या इच्छेने जुंपतो. मन शरीरातल्या अग्नीला धक्का देते, अग्नी वायूला हलवितो, आणि तो वायू छातीतून वर चढत मस्तकाला आपटून मुखात येतो. मग उर, कंठ, मूर्धा, जिव्हामूळ, दात, नाक, ओठ, टाळू ह्या आठ ठिकाणी त्याची अक्षरे घडतात. अक्षर कसे उच्चारावे? तर वाघीण आपली पिले दातांत धरून नेते तसे. पिलू पडूही नये आणि त्याला दातही लागू नये! कोणी इतके हळू पुटपुटतो की पिलू वाटेतच गळून पडते. कोणी असा कडाडतो की पिलू रक्तबंबाळ. (हल्ली ध्वनिक्षेपक आल्यापासून आम्हां कीर्तनकारांत दुसरा प्रकार फार वाढला आहे. कोणी रागावू नये, त्यात आम्हीही आलो.)

असो. अक्षर नीट निघाले म्हणजे काम झाले काय? नाही. नैयायिक पुढे विचारतात, वाक्य ऐकणाऱ्याला कळते ते कशाच्या बळावर? तर्कसंग्रहात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी. नुसते “घोडा, माणूस, हत्ती” म्हटले तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहील. अर्थ जुळणारा हवा. “विस्तवानं झाड शिंप” म्हटले तर शब्द बरोबर, पण अर्थ बसत नाही. आणि शब्द जवळजवळ हवेत. सकाळी “भाकरी” म्हणायचे आणि दिवेलागणीला “आण” म्हणायचे, तर सून बिचारी काय आणणार?

मुक्तावलीकारांनी यात चौथी गोष्ट घातली : तात्पर्य. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कळले पाहिजे. त्यांचा दाखला ‘सैंधव’ शब्दाचा आहे. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. आपल्या घरचा दाखला घ्या. “पान आण रे.” पंगत बसत असेल तर पत्रावळ आणायची. पोथी लावताना म्हटले तर पोथीचे सुटलेले पान. जेवण झाल्यावर म्हटले तर विडा. शब्द एकच, आणि तिन्ही वेळा पोरगा बरोबर वस्तू आणतो. त्याला कोणी सांगितले? वेळेने सांगितले, जागेने सांगितले, मागणाऱ्याच्या चेहऱ्याने सांगितले. म्हणजे बोलणे नुसते जिभेचे काम नव्हे. निम्मे काम डोळे करतात, सभोवतीची परिस्थिती करते. फोनवर कुणी नुसते “बरं” असे लिहून पाठवले, की ते प्रेमाचे की रागाचे, हे विचारीत माणूस रात्रभर जागतो ते यामुळेच. शब्द पोचला, चेहरा मागे राहिला.

पण ऐकणाऱ्याचेही काम थोडे नाही. माउलींनी नेवाशास इतका मोठा ग्रंथ सांगितला, आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी मागितले काय? अवधान. ज्ञानियांचा राजा हात जोडून म्हणतो की तुम्ही लक्ष द्या. श्रोता जेवढा, तेवढाच वक्ता. आम्ही वीणेकऱ्यापुढे उभे राहतो तेव्हा पाहतो ना! समोरची म्हातारी मान डोलावते तेव्हा दृष्टांत आपोआप सुचतो. समोरचे दोघे घड्याळ पाहू लागले की पाठ असलेलेही विसरते.

आता बृहदारण्यकातील कथा ऐका. पाचव्या अध्यायात आहे. देव, मनुष्य आणि असुर, तिघेही प्रजापतीची लेकरे, त्याच्यापाशी ब्रह्मचर्याने राहिले आणि शेवटी म्हणाले, आम्हांला उपदेश करा. प्रजापतीने प्रत्येकाला एकच अक्षर सांगितले : द. भोगात रमणारे देव समजले, दमन करा. लोभी मनुष्य समजले, दान करा. क्रूर असुर समजले, दया करा. प्रत्येकाने आपल्या उणिवेप्रमाणे ऐकले. ही कथा कीर्तनात पुष्कळजण सांगतात, आम्हीही शेकडो वेळा सांगितली. पण त्यात एक लहानसे वाक्य आहे, ते आम्ही नेहमी ओलांडून जात होतो. प्रजापती अक्षर सांगून गप्प बसला नाही. त्याने प्रत्येकाला विचारले, “कळलं का?” त्यांनी काय कळले ते सांगितले. मग तो म्हणाला, “होय, बरोबर कळलं.” साक्षात् प्रजापती, पण त्यालाही विचारावेसे वाटले!

आम्ही विचारले नाही. आता ती गोष्ट.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आषाढी. आमच्या दिंडीत एक आजी होती, बावीस वर्षे वारी न चुकलेली. त्या वर्षी दिवे घाट चढून सासवडला पोचलो तो तिचे पाय सुजून भोपळे झालेले. रात्री आम्ही तिच्या राहुटीपाशी गेलो आणि म्हणालो, “माउली, आता तुम्ही थांबा.” आमच्या मनात असे, की सासवडला दोन दिवस मुक्काम आहेच, तोवर विसावा घ्यावा, आणि पुढे चालणे थांबवून दिंडीच्या ट्रकमध्ये बसावे. मनात ट्रक होता, मुखात आला नाही. ती “बरं महाराज” म्हणाली. आम्ही समाधानाने निजलो. सकाळी तिचे गाठोडे जागेवर नव्हते. पाहुण्यांकडे गेली असेल, असे कोणी म्हणाले. आम्हीही शोध घेतला नाही. पुढच्या आषाढीला ती आलीच नाही.

त्या कार्तिकीनंतर तिच्या गावाजवळ आमचे कीर्तन होते. ती मागे बायकांत बसलेली दिसली. संपल्यावर विचारले, “माउली, वारी कां सोडली?” ती म्हणाली, “तुमीच थांबा म्हनलात की. म्या म्हनलं, दिंडीला माझं लोढणं झालं आसंल. महाराज तोंडानं सांगत न्हाईत, पर मन वळखावं मानसानं.”

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. उद्वेग न आणणारे, खरे, गोड, हिताचे बोलणे. आमचे बोलणे खरे होते, गोड होते, हिताचेही होते. आणि त्याच बोलण्याने एका वारकरणीच्या दोन आषाढ्या बुडाल्या. आम्ही तिच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून म्हणाली, “मीबी कुठं इचारलं तवा?”

पुढच्या वर्षी ती आली. सासवडला आम्ही मुद्दाम गेलो आणि म्हणालो, “परवापासून ट्रकमध्ये बसायचं, पण दिंडी सोडायची नाही. काय कळलं ते सांगा.” ती खळखळून हसली. “टरकात बसायचं, आन् दिंडी सोडायची न्हाई.”

बसलीही. पण जेजुरी दिसू लागली तशी ट्रक थांबवायला लावून उतरली, आणि टाळ घेऊन चालू लागली.