आधी ऐकावे

ज्याच्या हातून जखम झाली, त्यानेच औषध घेऊन दारी यावे काय? ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या मानसिक उपचारांचा विचार करताना आम्हां ख्रिस्ती जनांना हा प्रश्न टाळता येत नाही. विसाव्या शतकात तेथे कित्येक दशके आदिवासी बालके आईवडिलांपासून हिरावली गेली. त्यांतील अनेकांना ख्रिस्ती मिशनांतही ठेवले गेले. हेतू कल्याणाचा सांगितला जाई. त्या मातांना मात्र कोणी विचारले नाही. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने ही वेदना नोंदविली. २००८ साली पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. तथापि भूमी, भाषा आणि कुळ यांच्याशी तुटलेले नाते केवळ क्षमायाचनेने सांधले जात नाही. त्या दुःखाला एकेका मनाचा आजार समजून गोळी देणेही अपुरेच ठरते.

डेली नदीकाठच्या कॅथलिक आदिवासी शिक्षिका मिरियम-रोझ उंगुनमेर यांनी ‘दादिरी’, म्हणजे निःशब्द, सखोल ऐकणे, ही आपल्या लोकांची देणगी जगापुढे ठेवली. औषध घेऊन येणाऱ्याने जरूर यावे, परंतु प्रथम ही देणगी स्वीकारावी, असे आम्हांस वाटते. यरीहोच्या वाटेवर प्रभूनेही अंध बार्तिमयाला त्याची इच्छा आधी विचारली, मग दृष्टी दिली. न विचारता बरे करणारे आम्ही कोण?