निरोप आणि निरोप्या



आजचं वाचन: महाभारत, उद्योगपर्व. उलूक दूत म्हणून पांडवांच्या छावणीत येतो, तो भाग.

प्रसंग थोडक्यात असा. शिष्टाई फसलीये, सैन्यं कुरुक्षेत्रावर येऊन थांबलीयेत. अशा वेळी दुर्योधन शकुनीच्या मुलाला, उलूकाला, बोलावतो आणि पांडवांसाठी निरोप देतो. निरोप कसला, टोमण्यांची लांबलचक यादीच! युधिष्ठिराला ढोंगी म्हण, भीमाला विराटाच्या स्वयंपाकघराची आठवण करून दे, अर्जुनाला बृहन्नडेची. उलूक जातो. बोलण्याआधी तो एक गोष्ट करतो: मी दूत आहे, शब्द माझे नाहीत, तेव्हा रागावू नका, असं अभय मागतो. युधिष्ठिर ते देतो. मग उलूक सगळं जसंच्या तसं बोलून दाखवतो. भीम खवळतो, सभा पेटते, पण उलूकाच्या केसालाही धक्का लागत नाही.

वाचताना एक प्रश्न पडतो. उलूकाने काही चुकीचं केलं का? तो खोटं बोलला नाही. शब्द गाळला नाही, घातला नाही. पण त्याने जे पोचवलं त्याने आग वाढली. मग "मी फक्त निरोप दिला" एवढं म्हणून माणूस मोकळा होतो का?

हा प्रश्न फक्त राजदूतांचा नाही. आपण सगळे दिवसभर कोणाचे ना कोणाचे दूत असतो. माझं कामच बघा ना, परदेशातला क्लायंट आणि इथली टीम यांच्यामध्ये उभं राहायचं. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. घरी आलं की आईचं बायकोला, बायकोचं आईला. भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद झालं की धाकट्या चुलतभावाला मध्ये घालतात. त्याची काय अवस्था होते, विचारा त्याला!

दूताला अभय का?

आपल्या शास्त्रांत दूत अवध्य मानलाय. लंकेत रावण हनुमंताला मारायला निघतो तेव्हा बिभीषण हेच सांगून त्याला थांबवतो. पण हे अभय फुकट मिळत नाही. दूत सुरक्षित का? तर शब्द त्याचे नाहीत म्हणून. म्हणजे ज्या क्षणी तो स्वतःचा मीठमसाला घालतो, त्या क्षणी शब्द त्याचे होतात आणि अभयावरचा त्याचा हक्क संपतो. "ती म्हणाली की उशीर झाला" याचं आपण "ती जाम वैतागलीये तुझ्यावर" असं करतो ना, तेव्हा आपण निरोप्या उरत नाही. त्या भांडणातला तिसरा पक्ष होतो.

मग उलूकच आदर्श म्हणायचा का? तसंही नाही. नुसती नळी हवी असती तर राजांनी शहाणी माणसं दूत म्हणून का शोधली असती?

कौटिल्याने अर्थशास्त्रात दूतांचे तीन प्रकार सांगितलेत. निसृष्टार्थ, म्हणजे पूर्ण अधिकार असलेला, वाटाघाटीत स्वतः निर्णय घेऊ शकणारा. परिमितार्थ, म्हणजे ठरावीक कामापुरता अधिकार असलेला. आणि शासनहर, म्हणजे फक्त आज्ञापत्र पोचवणारा. उलूक हा सरळसरळ शासनहर. हस्तिनापूरला गेलेला श्रीकृष्ण निसृष्टार्थ. आणि मधला, मला सगळ्यात जवळचा वाटणारा, संजय.

संजयाची एक रात्र

धृतराष्ट्र संजयाला पांडवांकडे पाठवतो. निरोप गोड आहे, शांततेचा आहे, पण हातात काहीच ठेवत नाही. राज्य परत देण्याचं नावच नाही. संजय तो निरोप देतो. युधिष्ठिर त्याला आपलं म्हणणं सांगतो, अगदी पाच गावं दिली तरी चालेल इथपर्यंत खाली येतो.

संजय परत येतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. तो राजाला भेटतो आणि काय करतो? स्वतःचं मत स्पष्ट सांगतो: महाराज, दोष तुमचा आहे, मुलाच्या नादी लागून तुम्ही कुळ बुडवताय. आणि युधिष्ठिराचा निरोप? तो उद्या सकाळी भरसभेत सांगेन, आत्ता प्रवासाने दमलोय, म्हणून निघून जातो.

त्या रात्री धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. आपण जी विदुरनीती म्हणून वाचतो, ती याच रात्रीची! आणि सकाळी संजय शब्द दिल्याप्रमाणे सभेत निरोप सांगतो.

यात मला एक स्पष्ट रेघ दिसते. निरोपाचा आशय संजयाच्या मालकीचा नाही, त्याला तो हात लावत नाही. पण वेळ, जागा आणि सूर हे त्याच्या हातात आहेत, आणि तिथे तो डोकं वापरतो. स्वतःचं मतही तो देतो, पण स्वतःच्या नावाने, निरोपात मिसळून नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पेलोड बदलत नाही, आपली टिप्पणी वेगळ्या कमेंटमध्ये लिहितो आणि खाली सही करतो.

पुण्याचा वकील, हैदराबादचा दरबार

आता पोथीतून इतिहासात येऊ. पेशवाईत "वकील" म्हणजे कोर्टातला काळा कोटवाला नाही, दुसऱ्याच्या दरबारात राहणारा आपला राजदूत. निजामाच्या दरबारात पुण्याचे वकील होते गोविंदराव काळे. महादजी शिंद्यांच्या पराक्रमाचं कौतुक करणारं त्यांचं १७९३ सालचं नाना फडणवीसांना लिहिलेलं पत्र अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे.

त्यांची जागा किती अवघड होती बघा. निजाम अली खानाकडून पुणे दरबाराची चौथाई आणि इतर थकबाकी प्रचंड. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क हिशोबाला दाद देत नाही. निजामाच्या पदरी रेमंड हा फ्रेंच सेनानी कवायती पलटणी उभ्या करतोय. इंग्रजांचा रेसिडेंट हैदराबादेत आहे, तसा पुण्यातही मॅलेट आहे. प्रत्येक जण प्रत्येकाची बातमी आपापल्या धन्याला लिहितोय. अशा ठिकाणी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होईल!

ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात एक प्रसंग दिलाय. उघड बैठकीत मुशीर-उल-मुल्क काळ्यांना म्हणाला की हे गुंतागुंतीचे हिशोब समजवायला नानांनी स्वतः हैदराबादेत यावं. काळे म्हणाले, नाना कामात गढलेले, कसे येणार? त्यावर दिवाणाने धमकावलं की कसे येणार ते मी लवकरच दाखवतो, त्यांना इथे हजर करवतो. ही धमकी म्हणजे युद्धाची घोषणाच धरली गेली.

आता काळ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर तीन वाटा आहेत. एक, हे वाक्य गाळायचं. रागाच्या भरात बोलला असेल, कशाला लिहा? दोन, तिखट करून लिहायचं, म्हणजे धनी खूश होतील आणि आपली निष्ठाही दिसेल. तीन, बोललं गेलं तेवढंच लिहायचं आणि ते कोणत्या संदर्भात, कोणासमोर बोललं गेलं ते सांगायचं.

पहिली वाट पहिल्या नजरेला सात्त्विक वाटते. एक वाक्य गिळलं आणि हजारो जीव वाचले तर वाईट काय? खर्ड्याला, आजच्या जामखेड तालुक्यात, मार्च १७९५ मध्ये लढाई झालीच. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र आले अशी ती शेवटची मोठी मोहीम. दोन्हीकडची घरं उजाड झाली असणारच. या प्रश्नाला हलक्यात घेऊन चालणार नाही.

पण नीट बघितलं तर ते वाक्य भांडणाचं मूळ नव्हतं. मूळ थकबाकीत होतं, नव्या पलटणींच्या भरवशात होतं, इंग्रज आपल्या बाजूने उभे राहतील या हिशोबात होतं. (ते उभे राहिले नाहीत, गव्हर्नर जनरल शोअर तटस्थ राहिला.) दिवाण उघड बैठकीत असं बोलतो म्हणजे त्याला आता तडजोड नकोय, ही पुण्यासाठी सगळ्यात महत्त्वाची माहिती होती. ताप आलाय हे वैद्यापासून लपवलं म्हणून ताप उतरत नाही. आणि वकिलाने ते गाळलं असतं तर युद्ध की शांतता हा निर्णय त्याने एकट्याने, कोणाला न सांगता घेतला असता. तो अधिकार त्याला कोणी दिला होता?

दुसरी वाट का वाईट, ते पुढच्या घटनांनी दाखवलं. खर्ड्याच्या तहात निजामाने तीन कोटींच्या घरात रक्कम आणि मोठा मुलूख द्यायचं कबूल केलं, आणि खुद्द मुशीर-उल-मुल्कला पुणेकरांच्या स्वाधीन केलं. नानांना हजर करवीन म्हणणारा स्वतःच कैदी होऊन पुण्यात आला! पण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुण्यात गादीवरून डावपेच सुरू झाले. नानांना मदतीची गरज पडली. कोणाची? त्याच मुशीर-उल-मुल्कची. १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं नानांनी सोडून दिलं, निजामाचा पाठिंबा मिळावा म्हणून.

दीड वर्षात अपमान करणारा आणि अपमान झालेला एका करारात आले. शब्दांची धग एवढीच टिकते. म्हणून निरोप असा द्यावा की उद्या त्या दोघांना पुन्हा एकमेकांशी बोलता येईल. खरं जसंच्या तसं सांगितलं तर ते माणसाला विसरता येतं, माफही करता येतं. आपण वाढवून सांगितलेलं मात्र त्याला माफ करता येत नाही, कारण ते समोरच्याने केलेलंच नसतं.

मेजवानी कोणाकडे?

राहता राहिला मोह. दरबारात दूताला मानपान मिळतो, भेटी मिळतात, तिथे राहता राहता तो तिथलाच होऊन जातो. कौटिल्य म्हणतो, दूताने मद्य टाळावं आणि एकट्याने झोपावं, कारण नशेत आणि झोपेत माणूस मनातलं बोलून जातो. केवढा व्यवहारी माणूस!

आणि श्रीकृष्ण बघा. हस्तिनापुरात दुर्योधनाने जंगी पाहुणचार मांडला होता. कृष्णाने जेवायला नकार दिला. कारण विचारल्यावर म्हणाला की दूत काम पार पडल्यावरच सत्कार घेतो. शिवाय दुसऱ्याकडे जेवावं ते प्रेमापोटी किंवा अडचणीत असताना. तुझ्याकडे प्रेम नाही आणि मी अडचणीत नाही. आणि जेवला विदुराकडे. दुसऱ्या दिवशी सभेत त्याला जे बोलायचं होतं, ते दुर्योधनाचं अन्न पोटात असताना इतक्या मोकळेपणाने बोलता आलं असतं का? (तो तर बोललाच असता हो, प्रश्न आपला आहे!)

आपल्याकडे ताट वेगळ्या रूपात येतं. एका बाजूची शाबासकी, "तूच काय तो समजूतदार" हे वाक्य, मध्यस्थ म्हणून वाढलेलं महत्त्व. दोघांचं भांडण मिटलं तर आपली गरज संपेल, ही बारीक भीतीसुद्धा. हे ताट ओळखता आलं पाहिजे.

मग मोकळं कधी होता येतं?

उलूकाच्या प्रश्नाकडे परत येते ती गोष्ट ही. तो शब्दांच्या बाबतीत निर्दोष आहे. पण निघण्यापूर्वी दुर्योधनाला "हे पाठवू नका" असं त्याने म्हटल्याचं कुठे दिसत नाही. संजय आपल्या धन्याला तोंडावर बोलला. दोघांमधला फरक निरोप देताना पडत नाही. तो आपल्याच माणसासमोर तोंड उघडताना पडतो. समोरच्याला खरं सांगणं त्या मानाने सोपं असतं. ज्याचं मीठ खातो त्याला सांगणं अवघड.

आजच्या दिवसापुरता एवढाच अभ्यास करूया. कोणाचं काही कोणाला सांगायची वेळ आली की आधी तीन गोष्टी बघायच्या. मी यात नुसता पोचवणारा आहे की मला ठरवायचा अधिकार दिलाय? हे वाक्य गाळलं आणि समोरच्याला नंतर कळलं, तर "माझा निर्णय तू का घेतलास" असं तो म्हणेल का? आणि मी जे जोडतोय ते माझ्या नावाने जोडतोय ना? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर नेहमी सापडेलच असं नाही. तिसऱ्याचं मात्र आपल्या हातात आहे.

आणि निरोप फारच कडू असेल तर संजयासारखी एक रात्र मागून घ्या. कोणास ठाऊक, त्या रात्रीत एखादी विदुरनीती सांगितली जाईल.

राम कृष्ण हरी!