फेरी मोजायची की रुग्ण?

रुग्णवाहिकांच्या व्यवहारात काही गैर घडल्याचे बाहेर आले की आपल्याकडची चर्चा दोन दिवसांत ठरलेल्या मुक्कामी पोचते. गाड्यांना जीपीएस लावा, नियंत्रण कक्षात मोठा पडदा बसवा, ॲप काढा. २०२४ साली महाराष्ट्रातल्या १०८ सेवेच्या नव्या कंत्राटावरून गदारोळ झाला, तेव्हा कोट्यवधींच्या आकड्यांवर पुष्कळ बोलले गेले. त्या पैशांच्या बदल्यात सरकार नेमके काय विकत घेत आहे, यावर मात्र फारच कमी बोलले गेले. माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

सगळा दोष खासगीकरणाचा, असे मानणाऱ्यांनी सरकारी वाहनांची लॉगबुके एकदा चाळावीत. चालक लोभी असतात, हे तर कारणच नव्हे.

जीपीएसचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मात्र नीट ऐकले पाहिजे, कारण ते अर्धे खरे आहे. राजस्थानात १०८ सेवेत फेऱ्या फुगवून बिले लावल्याचा आरोप झाला आणि २०१५ साली सीबीआयने गुन्हा नोंदवला. गाडी जागची हललीच नाही आणि बिल लागले, ही लबाडी जीपीएस पकडू शकतो. पण लबाडीचा हा सर्वांत बाळबोध प्रकार झाला. गाडी खरोखर धावते आणि तरीही फसवणूक होते, तिथे जीपीएस काय करणार?

ही कल्पनेतली शंका नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही प्रामुख्याने वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना आहे. फिलाडेल्फिया, ह्यूस्टन अशा भागांत डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा रुग्णवाहिकेतून नेल्याची बिले या योजनेकडे जात. गाडी खरी, रुग्ण खरा, डायलिसिस केंद्रही खरे. खोटी होती ती फक्त गरज. यांतले कित्येक रुग्ण आपल्या पायांनी चालत येऊन गाडीत बसत होते. जीपीएसने त्या प्रत्येक फेरीला प्रामाणिकपणाचा दाखला दिला असता. तिथल्या सरकारने २०१३ साली ह्यूस्टन भागात आणि २०१४ साली फिलाडेल्फिया भागात नव्या रुग्णवाहिका कंपन्यांची योजनेतली नोंदणीच थांबवली. डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत अशा वारंवार होणाऱ्या, तातडीच्या नसलेल्या फेऱ्यांसाठी पूर्वमंजुरीची पद्धत आणली. आधी रुग्णाची प्रकृती तपासायची, गाडीचा विचार नंतर. पुढे ही पद्धत देशभर नेली गेली.

त्याच सरकारच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा सप्टेंबर २०१५ चा अहवाल मला याहून महत्त्वाचा वाटतो. २०१२ च्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ३ कोटी डॉलर अशा फेऱ्यांवर खर्च झाले होते, ज्यांतल्या रुग्णाला निघाल्या ठिकाणी, पोचल्या ठिकाणी किंवा आणखी कुठेही या योजनेतून उपचार मिळाल्याची नोंद नव्हती. हे कोणत्याही पडद्यावर दिसले नाही. रुग्णवाहिकेच्या बिलाशेजारी उपचारांचे बिल ठेवले, तेव्हा ते दिसले.

मग गाडीत कॅमेरे बसवू, असे उत्तर येते. कॅमेरा म्हणजे गाडीवरच आणखी एक डोळा. जवळचे सरकारी रुग्णालय ओलांडून रुग्ण आणल्याबद्दल ‘कट’ देणाऱ्या खासगी रुग्णालयात त्याला नेले, तर नकाशावरची रेघ स्वच्छच दिसते. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता. तो मसुदाच राहिला.

माझा भेद साधा आहे. हिशेब गाडीचा ठेवायचा की रुग्णाचा? आपली सगळी यंत्रणा गाडीचा हिशेब ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०२० रोजी, कोविडच्या लुटीच्या काळात, राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितले. ते अत्यावश्यकच होते. पण ठरलेले दरही बहुतेक किलोमीटरचेच. नियमांच्या पालनाचेही तेच. एआयएस-१२५ या मानकाने रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले. प्रथमोपचारासाठी धावणारी, केवळ रुग्ण नेणारी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. मानक चांगले आहे. पण गाडीची योग्यता तपासणारा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, दिवे, टायर जाणतो. डिफिब्रिलेटर चालू आहे का, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन आहे का, गाडीतल्या माणसाला ते वापरता येते का, हे त्याने कसे सांगावे? रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या नागरिकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड होऊ शकतो. वाट मागणाऱ्या गाडीत सिलिंडर रिकामा नाही, ही खात्री त्या नागरिकाला कोण देणार?

म्हणून बिल पुरे व्हावे ते रुग्णालयाच्या दारात. रुग्ण ज्या कॅज्युअल्टीत सोपवला, तिथला केस पेपर क्रमांक, सोपवल्याची वेळ आणि त्या वेळची प्रकृती रुग्णालयाने आपल्या नोंदीतून कळवावी. गाडीने भरलेल्या फॉर्मशी ती जुळली तरच फेरीचे पैसे द्यावेत. वाटेत मृत्यू झाला, जागेवरच उपचार झाले, रुग्णाने यायला नकार दिला, अशा फेऱ्या असतातच आणि त्यांचेही पैसे मिळायला हवेत. फक्त कारण लिहिलेले असावे आणि त्यांतल्या काहींची पडताळणी नातेवाइकांना फोन करून व्हावी. रुग्णालयाने दाखल करून घ्यायला नकार दिला, तर तीही नोंद व्हावी. आज तो नकार कुठेच उमटत नाही.

रुग्णालय आणि गाडीवाला संगनमत करतील, हा आक्षेप रास्त आहे. पण मग खोट्या कागदावर दोन सह्या लागतील, आणि दुसरी सही करणाऱ्याची वैद्यकीय नोंदणी पणाला लागेल. दुर्गम भागात गाडी दिवसभर उभीच राहते, तिचे काय? तयारीत उभे राहण्याचे पैसे वेगळे आणि ठरावीक द्यावेत. धडगाव किंवा भामरागडला सज्ज उभी असलेली गाडी ही सेवाच आहे. तिला पोटासाठी फेऱ्या दाखवायला लावू नये.

हे करायला नवा कायदा लागत नाही, कंत्राटातली बिलाची अट बदलावी लागते. १०८ च्या गाडीत महाराष्ट्राने डॉक्टर बसवला आहे. रुग्ण सोपवतानाची नोंद घेऊ शकणारा माणूस तिथे आहेच. आरोग्य विभागाने ही अट कंत्राटात घालावी, आणि विधिमंडळात या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराने किती गाड्या धावल्या याच्या आधी किती रुग्ण कुठे आणि कोणत्या अवस्थेत पोचले, हे विचारावे.