सलाईन की पुडी?

पावसाळ्याच्या तोंडी विहिरींना नवं पाणी आलं की जुलाबाचे पेशंट वाढतात. मानोरा, मालेगावकडच्या खेड्यांतून गळून गेलेलं माणूस दवाखान्यात आणलं की नातेवाईक आधी सांगतात, "साहेब, सलाईन लावून द्या." बाटली टांगली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ओआरएसची पुडी हातात ठेवली, तर डॉक्टरने कटवलं असं वाटतं. यामागे एक समजूत आहे: शरीर म्हणजे मडकं, रिकामं झालं की वरून भरायचं.

तशी ही समजूत अडाणी नाही. 1832 साली थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत खारं पाणी सोडलं, तेही याच हिशेबाने, आणि काही जण वाचले. पण शरीर नुसतं भरून चालत नाही, आतलं प्रमाण राखावं लागतं. आरोग्य म्हणजे साम्य, हे आयुर्वेदाने फार आधी मानलं होतं. ते साम्य कोण राखतं, हा प्रश्न मात्र उरला. एकोणिसाव्या शतकात क्लॉड बर्नार यांनी दाखवलं की पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, भोवतालच्या द्रवात जगतात, आणि तो द्रव स्थिर राहतो म्हणून आपण उन्हातान्हात हिंडू शकतो. 1926 मध्ये वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं.

नाव मिळालं, यंत्रणा सापडायची होती. ती पेशीच्या पातळ पटलात निघाली. पेशीबाहेर सोडियम भरपूर, आत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पोटॅशियमचं नेमकं उलट. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना हा फरक टिकवणारा पंप सापडला: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जेचा खर्च. आपण झोपलेलो असतानाही हा खर्च चालूच असतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत पुढचा दुवा मांडला. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या जोडीनेच शिरतं. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. पटकीचं विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, पण ही आत जाण्याची वाट शाबूत ठेवतं. म्हणून साधं पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचं पाणी मात्र लागू पडतं.

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून वाटलं. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. 30 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर 3.6 टक्क्यांवर आला. देशाने त्यांना पद्मविभूषण दिला तो 2023 मध्ये, ते गेल्यानंतर. उशीरच झाला.

आजच्या पुडीत लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर वाढली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस छापायला 2025 मध्ये एफएसएसएआय या अन्न नियामक संस्थेने बंदी घातली, ती योग्यच होती.

रोगी बेशुद्ध असेल, पिता येत नसेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर सलाईनच हवं. तेव्हा वेळ घालवू नका. एरवी आशाताईंकडून पुडी घ्या, पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा.