होकायंत्र आणि सदसद्विवेक

आपल्या मनाची साक्ष घेऊन वागलो, एवढ्याने मनुष्य निर्दोष ठरतो काय? या जुन्या प्रश्नावर नीतिशास्त्राच्या ग्रंथांइतकाच दर्यावर्दी लोकांच्या अनुभवानेही प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

आंबेगाव तालुक्यातील लोणीच्या शेतकऱ्यास दिशा कोणास विचारावी लागत नाही. सह्याद्री मावळतीस आहे हे तो जाणतो, आणि वाट चुकलीच तर ओळखीचे देऊळ ती चूक दाखवून देते. रूढ व्यवहारात आपलेही असेच चालते. किनारा दिसेनासा झाला म्हणजे मात्र या खुणा संपतात, आणि होकायंत्रावर विसंबावे लागते.

या यंत्राची सुई मुख्यतः दोन कारणांनी ढळते. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एक नव्हेत. यामुळे होणारा स्थळपरत्वेचा फरक नकाशावर छापलेला असतो, आणि मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तर तो एक अंशाहूनही कमी आहे. दुसरे कारण जहाजाच्या पोटातच असते. त्याचे स्वतःचे लोखंड सुईस ओढते, आणि जहाजाचे तोंड वळले की ही ओढही बदलते. एका अंशाची चूक ६० मैलांत सुमारे एक मैलाचे अंतर पाडते. खडकावर आपटण्यास तेवढे पुरे होते. १८०१ साली ऑस्ट्रेलियाच्या सफरीस निघालेल्या मॅथ्यू फ्लिंडर्सने या दोषाचा कसून अभ्यास केला. आता यंत्राजवळ चुंबक व लोखंडी गोळे बसवून तो कमी करतात. मग जहाज सर्व दिशांस फिरवून, सूर्याशी किंवा किनाऱ्यावरील ज्ञात खुणेशी ताडा घेऊन, उरलेला दोष पत्रकात मांडून ठेवतात.

आमच्या अंतःकरणाचे लोखंड म्हणजे स्वार्थ व ममत्व. मुलीच्या लग्नात हुंडा अन्यायाचा वाटतो. मुलाच्या लग्नात तोच ‘रीत’ होतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरविला, तरी ही सुई सरळ झाली नाही. येथे मनुष्य ढोंग करतो असे नव्हे. दोन्ही वेळा त्याचे मन त्यास प्रामाणिकपणेच साक्ष देते. बदलले असते ते केवळ त्याचे तोंड.

मग अंतःकरणावर विश्वासच ठेवू नये काय? तसे नव्हे. आज उपग्रहांवरून जहाजाचे स्थान कळते, तरीही मोठ्या जहाजांवर चुंबकीय होकायंत्र ठेवावेच लागते. दोष आहे म्हणून कोणी कप्तान ते समुद्रात फेकून देत नाही.

याबाबत मुंबईचे एक उदाहरण बोधप्रद आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेऊन ती परस्परांशी ताडून पाहिली. ट्रामगाड्या १९०७ मध्ये सुरू झाल्या. दोष उद्भवण्यापूर्वीच त्याची तजवीज झाली होती.

ज्या निर्णयात आपला लाभ आहे, तो घेण्यापूर्वी त्यात ज्याचा काडीचाही लाभ नाही अशा मनुष्याकडून आपले मत पारखून घेणे, ही तशीच तजवीज होय. ‘माझे मन मला खात नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थास आम्ही म्हणूनच इतकेच विचारू : आपण ते मन शेवटचे कोणाशी ताडून पाहिले?