पाठविणाऱ्यांचें ऋण

शास्त्रपाठ : योहानाचें तिसरें पत्र, वचनें ५ ते ८, फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनें १० ते १९.



योहानाचें तिसरें पत्र हें नव्या करारांतील अगदीं लहान पत्रांपैकीं एक आहे, आणि उपासनेंत तें क्वचितच वाचलें जातें. त्यांत गायस नांवाच्या एका गृहस्थाची आपणांस ओळख होते. तो उपदेशक होता असें कोठें म्हटलेलें नाहीं. त्याच्या हातून झालें तें इतकेंच, कीं प्रभूच्या नांवासाठीं घर सोडून निघालेले अनोळखी बंधू त्याच्या दारीं आले, आणि त्यानें त्यांस आंत घेतलें. योहान त्याला सांगतो, कीं आतां पुढच्या वाटेसही त्यांची रवानगी देवाला शोभेल अशी कर. त्याच पत्रांत दियत्रफेस म्हणून दुसरा एक मनुष्य आहे. त्याला मंडळींत पहिल्या जागेची हांव. तो ह्या बंधूंना स्वतः घेत नसे, आणि जे घेऊं म्हणत त्यांनाही अडवीत असे. आपल्या मंडळीचें दार ह्या दोन दारांपैकीं कोणतें, हा प्रश्न आम्ही आज तुमच्यापुढें, आणि आधीं स्वतःपुढें, ठेवीत आहों.

मागच्या कापणीच्या सणाला आमच्या येथें एक मिशनरी कुटुंब आलें होतें. आपल्याच भागांतलीं माणसें. नवराबायको आणि दोन मुलें. नऊ वर्षें तीं दूरच्या डोंगराळ मुलखांत आदिवासी बांधवांमध्यें राहत आहेत. आम्हीं त्यांना पुढच्या बांकावर बसविलें, हार घातले, शाल दिली, तासभर कामाचा अहवाल ऐकला. बाप्तिस्मे किती झाले हें पंचांनीं विचारलें. आंकडा त्यांच्या मनाजोगा नव्हता, आणि तसें त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलेंही. पुढें पंगतींत आम्हीं थोरल्या मुलाला सहज विचारलें, "बाळ, तुझें गांव कोणतें रे?" मुलगा घुटमळला आणि आईकडे पाहूं लागला. ती बाई म्हणाली, "पाळकसाहेब, त्याला खरेंच सांगतां येत नाहीं. तिकडे आम्ही बाहेरचे, आणि इकडे पाहुणे."

तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. उठून जमाखर्चाची वही काढली. ह्या कुटुंबासाठीं दरमहा जी रक्कम पाठविण्याचें आम्हीं भर सभेंत देवासमोर कबूल केलें होतें, ती सात महिने गेलीच नव्हती. मंडपाचें आणि कर्ण्याचें भाडें मात्र वेळच्या वेळीं फिटलें होतें. त्या बंधूनें तासभराच्या अहवालांत ह्याविषयीं अवाक्षर काढलें नव्हतें. आणि वही कोणाच्या ताब्यांत असते? आमच्याच. म्हणून हें लिहितांना आम्ही कोणाकडेही बोट दाखवीत नाहीं.

नहेम्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत असाच एक प्रसंग आहे. नहेम्या यरुशलेमास परत येऊन पाहतो, तों मंदिराची सेवा बंद पडलेली, आणि लेवी व गाणारे आपापल्या शेतांवर निघून गेलेले. त्यांचे वांटे त्यांना मिळाले नव्हते. आपण असतों तर म्हटलें असतें, कीं ह्यांचा विश्वास कमी पडला. नहेम्या लेव्यांना एक शब्द बोलत नाहीं. तो अधिकाऱ्यांना गांठतो आणि देवाचें घर ओसाड कां पडलें ह्याचा जाब त्यांच्याकडे मागतो. सेवक शेतावर गेला तर दोष कोठें शोधावा, हें त्याला नीट ठाऊक होतें.

विल्यम केरीची गोष्ट तुम्हांपैकीं पुष्कळांनीं ऐकली आहे. आपल्या मराठीवर त्याचे उपकार आहेत. सन १८०५ मध्यें त्यानें मराठीचें व्याकरण छापिलें. त्याला पाठविणारी बॅप्टिस्ट सोसायटी २ ऑक्टोबर १७९२ रोजीं इंग्लंडांतील केटरिंग गांवीं एका विधवा बाईच्या घराच्या मागल्या खोलींत स्थापन झाली. जमलेल्यांनीं देऊं केलेली रक्कम सारी मिळून तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स होती. अँड्र्यू फुलर हा तिचा चिटणीस. ह्या कामाला त्यानें खोल खाणीची उपमा दिली : केरी खाणींत उतरावयास तयार आहे, पण वरच्यांनीं दोर धरून ठेविला पाहिजे. फुलरनें तो दोर १८१५ सालीं मरेपर्यंत सोडला नाहीं. मंडळ्यामंडळ्यांतून हिंडून त्यानें पैसा जमविला. विहीर खणणाऱ्या आमच्या शेतकरी बांधवांना दोर धरणें म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. खालचा मनुष्य दिसत नाहीं, पण हात ढिला करतां येत नाहीं.

परंतु ही गोष्ट सांगतांना आम्ही उपदेशक एक पान गाळून जातों. केरीची पत्नी डोरोथी हिला यावयाचें नव्हतें. तिच्या मांडीवर तान्हें मूल होतें. बहीण बरोबर निघाली तेव्हां ती कशीबशी तयार झाली. १७९४ सालीं बंगालच्या एका निळीच्या कारखान्यावर त्यांचा पांच वर्षांचा पीटर आमांशानें गेला. त्यानंतर डोरोथीचें मन ढळलें, आणि १८०७ मध्यें सेरामपूर येथें मरण येईपर्यंत तें सावरलें नाहीं. शेजारच्या खोलींत ती असतां केरी शास्त्राचें भाषांतर करीत बसे. दोर केरीसाठीं धरलेला होता. डोरोथीसाठीं तो कोणीं धरला होता?

आमच्या मराठी मुलखांतील कथाही निराळी नाहीं. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. नॉटची प्रकृति बिघडून तो १८१५ सालीं परत गेला. त्यांचा सोबती सॅम्युअल न्यूएल ह्याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मुंबई दिसण्यापूर्वींच, १८१२ सालीं मॉरिशस बेटावर निवर्तली. न्यूएल स्वतः १८२१ मध्यें मुंबईंत पटकीनें गेला. हॉलनें १८२५ सालीं पत्नीला व मुलांना स्वदेशीं रवाना केलें, आणि पुढच्याच मार्च महिन्यांत नाशिकेकडून परततांना वाटेंत पटकीनेंच तो वारला. त्या वेळीं घरचें कोणी जवळ नव्हतें.

ह्या मरणांतून त्या परदेशी मंडळ्या कांहीं शिकल्या. त्यांनीं पुढें बंगले बांधले, रजेची सोय केली, मुलांकरितां थंड हवेच्या ठिकाणीं शाळा काढिल्या. कोडाईकनालची १९०१ सालची. आमच्या वाडवडिलांनीं तो बंगला पाहिला, आणि मिशनरी म्हटला कीं त्याला कांहीं कमी नसतें, अशी आमची समजूत होऊन बसली. शिवाय आम्ही दीडशें वर्षें घेणारे होतों. देण्याची संवय हाताला लागली नाहीं. (ही संवय लग्नाच्या मांडवांत कशी लागते, हें आम्हांस एकदां पंचांना विचारावयाचें आहे.)

पण पाठविण्याचें काम आतां आमच्याच मंडळ्यांकडे आहे, आणि तेंही आज कालचें नव्हे. तिरुनेलवेलीच्या मंडळ्यांनीं १९०३ मध्यें आपली मिशनरी सोसायटी काढून तेलुगु मुलखांत दोर्णकल येथें माणसें पाठविलीं. १९०५ च्या नाताळच्या दिवशीं, केरीच्याच सेरामपुरांत, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. दोन्ही कामांत व्ही. एस. अझरया पुढें होते, आणि १९०९ मध्यें ते स्वतःच दोर्णकलास जाऊन राहिले. मिझोरामांतील बायांची रीत तर आमच्या बायांनीं ऐकावी अशी आहे. १९१० पासून तेथें स्वयंपाकाला तांदूळ घेतांना प्रत्येक वेळीं एक मूठ प्रभूसाठीं निराळी काढितात. ती मूठ मंडळींत जमा होते, विकली जाते, आणि त्या पैशांतून उपदेशक व मिशनरी पोसले गेले आहेत. ज्या घरांत रोख पैसा नसतो त्या घरांतही चूल पेटतेच.

तरी केवळ पैसा पाठवून दोर धरला गेला असें होत नाहीं. फिलिप्पैच्या मंडळीनें पौलाला थेस्सलनीकेंत एकदां सोडून दोनदां मदत पाठविली होती. पण तो कैदेंत पडला तेव्हां तिनें मदतीबरोबर एपफ्रदीत हा आपला माणूसही पाठविला. तो तिकडे मरणाच्या दारापर्यंत आजारी झाला. हें मंडळीला कळलें, ह्याचेंच एपफ्रदीताला दुःख, आणि पौल त्याला परत पाठवितांना त्याचें आनंदानें स्वागत करावयास सांगतो. इकडचे तिकडच्यांसाठीं काळजींत, तिकडचे इकडच्यांसाठीं. असें पत्र आपल्या मंडळीला कोणी लिहील काय? त्या बाईला दोन वर्षें हिंवताप येत होता, हें आम्हांस ती परत गेल्यावर समजलें. बाप्तिस्म्यांचा आंकडा विचारणाऱ्यांपैकीं एकानेंही, आम्हीं धरून, तिला प्रकृति विचारली नव्हती. नवरा पाड्यांवर हिंडतो तेव्हां पाणी तीच भरते, बाळंतिणींना तीच पाहते, रात्रीं दिवा लावून मुलांचा अभ्यास तीच घेते. अहवालांत तिचें नांव शेवटच्या ओळींत होतें.

शुनेमच्या त्या बाईनें अलीशासाठीं माळ्यावर लहानशी खोली बांधविली, आणि तींत पलंग, मेज, बैठक व दिवा ठेविला, ही गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत चौथ्या अध्यायांत आहे. तिनें सत्कारसमारंभ केल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. येतां जातां त्याला उतरावयास जागा असावी, एवढेंच तिच्या मनांत होतें.

आमच्या मंदिरामागें एक खोली आहे. तींत मोडके बांक आणि नाताळच्या रोषणाईचें सामान पडलेलें असे. गेल्या महिन्यांत तरुण संघानें ती रिकामी करून चुना लावला. एका विधवा बहिणीनें खाट दिली. मेज आमच्या घरांतलें आहे. सात महिन्यांची बाकी दोन हप्त्यांनीं गेली, आणि तिच्यासोबत मंडळीनें एक पत्र लिहिलें; त्यावर बायांच्याही सह्या आहेत. तें कुटुंब मे महिन्यांत सुटीला यावयाचें आहे. खोलीच्या दारावर देणाऱ्यांचीं नांवें लिहावींत कीं काय, ह्यावर पंचकमिटींत बराच वेळ गेला, आणि शेवटीं लिहूं नयेत असें ठरलें. कुलुपाच्या दोन किल्ल्या होत्या. त्यांतली एक आम्हीं त्या थोरल्या मुलाच्या नांवें टपालानें पाठविली आहे.