हाइडच्या नावाचे खाते

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा 1886 साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ती न वाचलेल्यांनाही ठाऊक आहे. दिवसा सज्जन डॉक्टर, रात्री दुर्जन. औषध पोटात गेले की माणूस बदलतो. तात्पर्य, प्रत्येकाच्या आत एक सैतान दडलेला असतो. एवढ्यासाठी कादंबरिका लिहायची गरज नव्हती, हे शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यावर मावते. पुस्तक प्रत्यक्ष वाचायला घेतले की वेगळ्याच गोष्टी नजरेत भरतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चक्क कारकुनी आहेत. जेकिल हाइडसाठी लंडनच्या सोहो भागात स्वतंत्र घर घेतो, तिथे तोंड बंद ठेवणारी एक बाई नेमतो. हाइड आला तर त्याला आपल्या घरात मुक्तद्वार असावे, असे नोकरांना बजावतो. आपण मेलो किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता झालो तर सारी मालमत्ता हाइडकडे जावी, असे मृत्युपत्र करून ठेवतो. शेवटी एका दुसऱ्या बँकेत हाइडच्या नावाने खाते उघडतो, आणि सही हवी म्हणून आपलेच अक्षर उलट्या बाजूला कलवून लिहितो. आता नशीबही आपल्याला गाठू शकत नाही, अशी त्याची खात्री होते. या भयकथेत एका म्हाताऱ्याचा काठीने ठेचून खून होतो, लहान मुलीला पायदळी तुडवले जाते. तरी सगळ्यात भयंकर जागा मला ही सहीची वाटते. खून रागाच्या भरात झाला. सही थंड डोक्याने, टेबलाशी बसून झाली.

कथेचा नैतिक गाभा तिथे आहे. आपल्यात वाईट आहे हा जेकिलचा अपराध नव्हे. ते कोणात नसते? त्या वाईटाला त्याने परके नाव, परके घर आणि परके खाते दिले, हा त्याचा अपराध. आपण ढोंगी होतो हे तो स्वतःही मान्य करत नाही. त्याच्या कबुलीजबाबात तो सांगतो की आपल्या दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या होत्या. त्याला हवी होती फक्त त्यांची वाटणी. वाईट अंशाने पश्चात्तापाच्या जाचाशिवाय आपल्या वाटेने जावे, चांगल्या अंशाने त्याची लाज न बाळगता वर चढत राहावे. हिशेब वरवर बिनतोड दिसतो. पण प्रयोगाचे फळ काय निघते ते स्टीव्हन्सन एका वाक्यात सांगून पुढे जातो, आणि बहुतेक वाचकही त्याच्याबरोबर पुढे जातात. हाइड निखळ दुष्ट निघाला. निखळ सज्जन मात्र कोणीच निघाला नाही. उरला तो पूर्वीचाच सरमिसळ जेकिल. वाटणीत वाईटाला पूर्ण हिस्सा मिळाला, चांगल्याच्या हाती कवडीही लागली नाही. उलट त्याचा धाक तेवढा गेला. हाइडने काही केले की जेकिल सकाळी उठून शक्य तिथे भरपाई करायचा, गुन्हेगार तो, मी नव्हे, असे मनाला सांगायचा, आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी पुन्हा डुलकी घ्यायची. कबुलीजबाबाच्या अगदी शेवटी, मृत्यू दाराशी आलेला असतानाही, तो लिहितो की माझे मरण ते हेच, यापुढे जे घडेल ते माझे नव्हे, दुसऱ्याचे. पश्चात्तापाच्या कागदावरसुद्धा खाते वेगळे ते वेगळेच.

आपल्या हातून घडणाऱ्या वाईटाचा मालक कोण, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे ते पाहण्यासाठी लंडनहून फार लांब, जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात यायला हरकत नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली विनोबा भावे जन्मले, आणि शेजारच्या रोह्यात 1920 साली पांडुरंगशास्त्री आठवले. विसाव्या शतकात सामान्य माणसासाठी गीता उलगडून सांगणारी दोन मोठी नावे अशी एकमेकांना लागून असलेल्या तालुक्यांतली निघावीत हा योगायोग. त्यातून मातीचा महिमा वगैरे काढण्याचे कारण नाही. दोघांच्या हाती असलेला ग्रंथ मात्र जेकिलच्या प्रश्नाला थेट भिडतो. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच जुंपल्यासारखा, माणूस पाप का करतो? जेकिलही हेच विचारत होता. कृष्णाच्या उत्तरात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो कोणा दुसऱ्या व्यक्तीचे, भुताचे किंवा सैतानाचे नाव घेत नाही. काम आणि क्रोध, एवढेच सांगतो, आणि लगेच त्यांचा पत्ताही देतो: इंद्रिये, मन, बुद्धी. म्हणजे राहते घर. सोहोतली भाड्याची जागा नव्हे.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातल्या सोळाव्या अध्यायावरच्या प्रवचनात दैवी आणि आसुरी संपत्तीच्या दोन सेना समोरासमोर उभ्या केल्या आहेत, आणि हे कुरुक्षेत्र आपल्या मनातही आहे असे विनोबा सांगतात. दैवी गुण सव्वीस. आघाडीला अभय, आणि सगळ्यात मागे अतिमान नसणे, म्हणजे नम्रता. विनोबांनी या क्रमाकडे सेनापतीच्या नजरेने पाहिले: समोरून येणाऱ्या हल्ल्याला निर्भयता तोंड देते, पण पिछाडी सांभाळायला नम्रता लागते, कारण सद्गुणांवर पाठीमागून घाला पडतो तो अहंकाराचा. आता कथेतला रीजंट्स पार्कमधला प्रसंग पाहा. काठीने ठेचल्या गेलेल्या त्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे सर डॅन्व्हर्स कॅर्यूच्या खुनानंतर जेकिलने औषध सोडले आहे. काही महिने तो गोरगरिबांसाठी झटला आहे, आणि त्यात खोट नाही. जानेवारीतल्या एका निरभ्र दिवशी तो बाकावर उन्हात बसतो. इतरांशी स्वतःची तुलना करतो; आपण लोकांसाठी एवढे राबतो आणि हे बाकीचे आळसाने निष्ठुर झालेले, असा विचार मनात येऊन स्वतःशीच हसतो. त्याच क्षणी पोटात कालवते, खाली पाहतो तर हात केसाळ, शिरा उठलेला. औषधाचा थेंब न घेता भर दिवसा जेकिलचा हाइड झालेला असतो. तो क्षण वासनेचा नव्हता, चांगुलपणाच्या फुशारकीचा होता. पिछाडी उघडी होती. सोळाव्या अध्यायातही मी यज्ञ करीन, मी दान देईन, असे मनोरथ रचणारा माणूस आसुरी वृत्तीच्याच वर्णनात येतो. दान वाईट म्हणून तो तिथे नाही. त्याला आपले नाव चिकटवण्याच्या हौसेपायी तो तिथे गेला आहे.

यावर एक आक्षेप सरळ आहे. विनोबांनीही माणसाच्या दोन सेना केल्याच ना? मग स्टीव्हन्सनच्या डॉक्टरात आणि गीतेत फरक काय राहिला? फरक रणांगणाचा आहे. दोन्ही सेना एकाच शेतात उभ्या आहेत, आणि जय-पराजय दोन्हींचे उत्तर त्या एकाच मालकाला द्यायचे आहे. जेकिलने युद्धच मोडले. शत्रूला वेगळे राज्य तोडून दिले आणि त्यालाच शांतता म्हटले. आपल्या संतांचा सूर या बाबतीत कान देऊन ऐकण्याजोगा आहे. तुकोबा स्वतःचे दोष मोजत बसतात तेव्हा क्रियापद प्रथमपुरुषी असते, ते तृतीयपुरुषात घसरत नाही. जेकिलच्या निवेदनात ‘मी’ मध्येच ‘तो’ होतो, पुन्हा ‘मी’ होतो, आणि कोणत्या वाक्यात काय वापरायचे हे त्या त्या कृत्यावर ठरते.

हे साहेबांच्या पुस्तकापुरते आहे असे वाटत असेल तर आपलीच बोली आठवावी. “माणूस वाईट नाही हो, पण पोटात गेली की त्याचं त्याला भान राहत नाही.” बायकोला मारणाऱ्या नवऱ्याबद्दल हे वाक्य कोकणात, देशावर, सगळीकडे सहज बोलले जाते, आणि बोलणारा बहुधा दयाळूच असतो. पण त्या दयेत जेकिलची सही आहे. कायदा इथे जास्त शहाणा ठरला. भारतीय दंड संहितेच्या कलम 85 मध्ये नशेचा बचाव होता तो फक्त नकळत किंवा बळजबरीने पाजली गेली असेल तर. आपल्या हाताने प्याला उचलणाऱ्याला तो मिळत नव्हता. कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टीही याच अंगाने पाहाव्यात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळ वेशीबाहेर. वाईट येते ते बाहेरून, आणि भगताने उतरवले की जाते. घाबरायला त्या झकास आहेत, पण जबाबदारीच्या प्रश्नाला त्या हात घालत नाहीत. स्टीव्हन्सनचे भूत काचेच्या पेल्यातून, मोजून, स्वतःच्या हाताने प्यालेले आहे. आणि खात्यांचे म्हणाल, तर पेणकरांना ते समजावून सांगावे लागणार नाही. 2010 साली पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेचे व्यवहार थांबले, लाखाहून अधिक ठेवीदारांचे शेकडो कोटी अडकले. बनावट कर्जखात्यांच्या आधारे पैसा वळवल्याचे आरोप झाले, खटले उभे राहिले. कोण दोषी हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पण अशा कुठल्याही व्यवहारात कागदावरच्या खोट्या नावाचा उपयोग काय असतो? फसवायचे असते ते तपासनीसाला, हे खरे. पण त्याआधी सही करणाऱ्याच्या हातालाही जरा सैल वाटावे लागते. कर्ज ‘त्याने’ घेतले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोष जेकिलचा कशाला, दोष त्याच्या समाजाचा. व्हिक्टोरियन लंडनमध्ये प्रतिष्ठेचे पट्टे इतके आवळलेले होते की साध्या मौजेलाही मागचे दार शोधावे लागे. बंधने सैल करा, हाइड जन्मणार नाही. यात तथ्य आहे. आपण तरुणपणी केलेल्या चुका दुसऱ्या कोणी मिरवल्या असत्या, असे जेकिल स्वतःच म्हणतो. ‘लोक काय म्हणतील’ हा ज्यांचा पहिला स्मृतिग्रंथ, त्या आपल्या छोट्या गावांना तर हे लागूच पडते: गावात वारकरी आणि मुंबईत कोणीच ओळखत नाही म्हणून मोकाट, ही वाटणी आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो. पण आक्षेप अर्ध्या वाटेवर थांबतो. लाजेने चूक लपवली एवढेच घडले असते तर हाइड चोरट्या मौजा करत राहिला असता. तो खुनापर्यंत गेला, कारण त्याच्या कृत्यांचा जाब घेणारे आत कोणी उरले नव्हते. लपवणाऱ्याला निदान ठाऊक असते की हे माझे आहे. सोडून देणाऱ्याची ती जाणीवही जाते. समाज सैल केल्याने पहिल्याची सुटका होईल. दुसऱ्याला मोकळ्या समाजातही हाइड लागेलच.

तिसरा आक्षेप घरचा आहे, म्हणून सगळ्यात अवघड. आत्मा शुद्ध, अलिप्त, अकर्ता. करते ती प्रकृती. हे वेदान्ताचे सूत्र म्हणजे जेकिलचेच औषध नव्हे काय? खरा मी निर्मळ आहे आणि पाप गुणांनी केले, असे म्हणणारे बुवा आपण पाहिलेले आहेत, काही तर तुरुंगातही आहेत. आक्षेप शब्दांच्या खेळाने उडवून लावता येणार नाही. पण अकर्तेपणाची अट काय आहे ते पाहायला हवे. गीता कर्तेपण सोडायला सांगते ते पापाचे सोडून पुण्याचे राखून ठेवायला नव्हे. दोन्हींचे एकदम सोडायला. हार गळ्यात घेताना ‘मी’ आणि आरोपपत्र आले की ‘प्रकृती’, हा वेदान्त नव्हे, जेकिलची बँक आहे. पांडुरंगशास्त्रींची भूमिका इथे उपयोगी पडते. त्यांच्या विचाराचा पाया म्हणजे प्रत्येकाच्या हृदयात भगवंत आहे, आणि त्यावरून त्यांनी माणसाच्या गौरवाचा मुद्दा काढला. त्याचा अर्थ ‘मी मुळात चांगलाच’ एवढाच घेतला तर धोका आहेच. पण त्यांच्या स्वाध्याय परिवाराने उभी केलेली योगेश्वर कृषी पाहिली तर दुसरी बाजू कळते. गावाने एक शेत कसायचे, पाळीपाळीने पुजारी म्हणून राबायचे, आणि पीक कोणाच्या मालकीचे मानायचे नाही, देवाचे मानायचे. मच्छीमारांच्या ‘मत्स्यगंधा’ होड्यांचे तत्त्व तेच. जेकिलने दुष्कृत्याला परके नाव दिले आणि सत्कृत्यावर स्वतःचे कोरले. इथे उलटा रिवाज, सत्कृत्यालाच नाव नाही. रीजंट्स पार्कच्या बाकावर बसून हसायला जागा राहत नाही. हा रिवाज प्रत्येक गावात किती शुद्धपणे पाळला गेला हा वेगळा प्रश्न. निनावीपणाचाही डौल असतो, आणि संघटना मोठी झाली की तिचे नाव माणसांच्या नावाची जागा घेऊ शकते. पण दिशा बरोबर आहे.

दुष्कृत्याच्या बाजूने विनोबांनी काय केले ते 1960 सालच्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात दिसले. वीसेक डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. ते स्वतःला बागी म्हणवत, म्हणजे त्यांच्याकडेही एक दुसरे, मानाचे नाव होते. विनोबांनी हृदयपरिवर्तनाची भाषा केली, पण शिक्षा माफ होईल असे आश्वासन दिले नाही. पुढे या डाकूंवर रीतसर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. पोलीस खात्यातून टीका झाली की जीव धोक्यात घालून डाकूंच्या मागे फिरणारे शिपाई बाजूला राहिले आणि डाकू सत्पुरुष ठरले. टीका निराधार नव्हती. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना त्या प्रार्थनासभेत काय मिळाले, हा प्रश्नही उरतोच. तरी त्या माणसांना कोणी असे सांगितले नाही की खून करणारा बागी निराळा आणि शस्त्र ठेवणारा तू निराळा. बंदूक ठेवणारा हात आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला हात एकच राहील, हे ठरवूनच ते खोऱ्यातून बाहेर आले होते.